पटकथाकार अत्रे

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाचें नांव असतें. नाटकाच्या जाहिरातींत तें नटांच्या नांवांशेजारीं असतें. चित्रपटांत मात्र तें आरंभींच्या नामावळींत क्षणभर चमकतें, आणि प्रेक्षक अंधारांत आपली खुर्ची शोधीत असतांनाच नाहींसें होतें. पडद्यासाठीं लिहिणाऱ्या माणसाची वाङ्मयांत जागा कोणती, हा प्रश्न आमच्याकडे क्वचितच गंभीरपणें विचारला जातो, त्याचें एक कारण हें असावें. कै. प्रल्हाद केशव अत्रे यांच्यासंबंधानें ही उणीव विशेष जाणवते. विडंबनकार अत्रे, नाटककार अत्रे, वक्ते अत्रे, संपादक अत्रे, या साऱ्यांविषयीं आपण भरभरून बोलतों. परंतु १९३७ पासून १९५४ पर्यंत जो लेखक पडद्यासाठीं लिहीत होता, त्याचें प्रकरण दोन राष्ट्रपतिपदकें आणि एक पोहण्याचा पोशाख यांचा उल्लेख करून मिटविण्यांत येतें. आमच्या मतें हें प्रकरण त्याहून पुष्कळ बोधप्रद आहे. एका शब्दप्रभूला पडद्यासमोर आपले शब्द आवरावयास कसें शिकावें लागलें, आणि तें शिकण्यास त्याला पंधरा-सोळा वर्षें कशीं लागलीं, याची ती हकीकत आहे.

अत्रे या क्षेत्रांत आले तेव्हां तेथें लेखकाची स्थिति काय होती, हें प्रथम पाहिलें पाहिजे. मूकपटाच्या काळांत लेखकाला कामच नव्हतें, अशी एक समजूत आहे; ती बरोबर नाहीं. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हां कथा रचणारे, ती चित्रित करणारे आणि तिच्यासाठीं पैसा उभा करणारे दादासाहेब फाळके हे एकटेच होते. परंतु चित्रपटाचा धंदा झाल्यावर हीं कामें वेगळीं झालीं. दादरच्या कोहिनूर फिल्म कंपनीसाठीं मोहनलाल दवे कथा रचूं लागले. १९२१ चा ‘भक्त विदुर’ हा त्यांचाच. अशा लेखकाचे शब्द प्रेक्षकांस दिसत ते केवळ दृश्यांच्या मध्यें येणाऱ्या पाट्यांवर, आणि ज्यांना अक्षरओळख नसे ते शेजाऱ्याकडून पाटी वाचवून घेत. पण पाट्या लिहिणें हें त्याचें दुय्यम काम होतें. एकामागून एक प्रसंग असा लावावयाचा कीं, पाटी न वाचणाऱ्यालाही गोष्ट कळावी, हें मुख्य काम होतें. अमेरिकेंत हॉलिवूडलाही याच काळांत असा लेखकवर्ग उदयास येत होता. ग्रिफिथ यांच्या १९१६ च्या ‘इन्टॉलरन्स’च्या पाट्या लिहिण्यांत ज्यांचा हात होता त्या अनिता लूस पुढें विनोदी लेखिका म्हणून गाजल्या, आणि फ्रान्सिस मॅरियन यांनीं मूकपटांत मिळविलेलें कौशल्य बोलपटांत नेऊन लेखनाचीं दोन अकादमी पारितोषिकें मिळविलीं. दृश्यांच्या योजनेचें हें शिक्षण ज्याला आधीं मिळालें, त्याला बोलपट सोपा गेला.

मराठी लेखकांना तें शिक्षण मिळालें नाहीं. १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवच्याच मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ लागला, आणि पडदा बोलूं लागला. त्या चित्रपटाचे लेखक जोसेफ डेव्हिड हे पारशी रंगभूमीवरचे नाटककार होते, यांत नवल नाहीं. बोलपटाला बोलणें पुरविणारा माणूस हवा होता, आणि तो रंगभूमीवर तयार होता. हॉलिवूडनेंही याच सुमारास न्यूयॉर्कचे नाटककार आणि शिकागोचे वार्ताहर आपल्याकडे ओढले. बेन हेक्ट हे त्यांतलेच. १९२७ च्या ‘अंडरवर्ल्ड’च्या कथेबद्दल त्यांना पहिल्याच अकादमी समारंभांत पारितोषिक मिळालें. मात्र तेथील लेखक हा कंपनीचा पगारी नोकर होता. एकाच कथेवर चार-चार हात फिरत, आणि शेवटीं नामावळींत कोणाचें नांव यावें याचाही तंटा होई. १९३३ मध्यें त्यांना आपला संघ स्थापावा लागला तो यांसारख्याच कारणांसाठीं. आमच्याकडे चित्र वेगळें होतें. ‘संत तुकारामा’ची कथा शिवराम वाशीकरांनीं लिहिली, ‘कुंकू’ हें नारायण हरि आपटे यांच्या कादंबरीवरून निघालें, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनें १९३६ मध्यें ‘छाया’साठीं वि. स. खांडेकरांस पाचारण केलें. चित्रपटाला प्रतिष्ठा हवी होती, आणि ती मान्यवर लेखकाच्या नांवाबरोबर येत असे. म्हणून मराठी बोलपटाच्या पहिल्या दशकांत लेखकाला जो मान मिळाला, तो हॉलिवूडच्या पुष्कळ लेखकांना हेवा वाटावा असा होता.

हा मान जसा लाभाचा तसाच धोक्याचाही होता. ज्या लेखकाला त्याच्या शब्दांसाठीं बोलावलें आहे, त्याचे शब्द कोण कापणार?

हंस पिक्चर्सनें अत्रे यांस बोलावलें तेव्हां ते ऐन भरांत होते. पुण्यांत शाळा चालवितां चालवितां त्यांनीं ‘साष्टांग नमस्कार’, ‘घराबाहेर’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘उद्यांचा संसार’, ‘लग्नाची बेडी’ अशीं नाटकें ओळीनें दिलीं होतीं. बोलपटाच्या लाटेखालीं मराठी नाटकमंडळ्या बुडत असतांना बालमोहन नाटक मंडळी या नाटकांच्या बळावर तग धरून होती. अत्रे यांच्या नाटकाची शक्ति वाक्यांत आहे. पात्र रंगमंचावर येतें, एक वाक्य टाकतें, हंशा पिकतो. हंशा ओसरेपर्यंत नट थांबतो आणि मग दुसरें वाक्य येतें. लेखक, नट आणि प्रेक्षक यांच्यामधील हा देवघेवीचा व्यवहार आहे. पडद्यावर तो शक्य नाहीं. चित्रांतला नट प्रेक्षकांसाठीं थांबत नाहीं. पहिल्या वाक्याचा हंशा दुसऱ्या वाक्याला गिळून टाकतो. नाटककाराला पडद्यावर येतांच सोसावा लागणारा हा पहिला तोटा होय.

१९३७ च्या ‘धर्मवीरा’नें धर्माच्या बुरख्याआड चालणाऱ्या ढोंगावर प्रहार केला. पण अत्रे आणि दिग्दर्शक मास्टर विनायक यांची जोडी खऱ्या अर्थानें गाजली ती १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’नें. औदुंबर नांवाचा एक तरुण ब्रह्मचर्यावरचें जळजळीत व्याख्यान ऐकतो, नटींच्या तसबिरी फेंकून देतो, व्यायाम आणि व्रत यांच्या मागें लागतो. आणि किशोरी नांवाची तरुणी त्याच्या आयुष्यांत येतांच तें सारें व्रत डळमळूं लागतें. मुळांत कल्पना उत्तम विनोदी आहे. देशसेवेच्या नांवाखालीं जीवनाकडे पाठ फिरविणाऱ्या एका वृत्तीची ही थट्टा आहे, आणि त्या काळच्या महाराष्ट्रांत ती वृत्ति कोणास अपरिचित नव्हती. परंतु या चित्रपटांतील काय लोकांच्या स्मरणांत राहिलें? किशोरीच्या वेषांतील मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखांत जलक्रीडेचें गीत गातात, तें दृश्य. गीत अत्रे यांचेंच, चाल दादा चांदेकरांची. परंतु गाजलें तें दृश्य. त्यावर टीका झाली, आणि तें पाहावयास गर्दीही झाली.

या गोष्टीकडे केवळ नीतीच्या दृष्टीनें पाहणाऱ्यांनीं तिच्यांतील वाङ्मयीन मर्म हरवलें आहे. मराठींतील एका अत्यंत हजरजबाबी लेखकानें एक संपूर्ण बोलपट विनोदी संवादांनीं भरला, आणि प्रेक्षक घरीं घेऊन गेले तें एक चित्र. रंगभूमीवर असें झालें नसतें. तेथें नटीचा पोशाख कसाही असो, दुसऱ्या दिवशीं गिरगांवच्या चाळींतून म्हणून दाखविलीं जात तीं वाक्यें. पडद्यावर डोळा हा कानाच्या आधीं धांवतो, हा नियम अत्रे यांच्याच यशानें त्यांच्यापुढें मांडला. त्यांनीं तो तेव्हां ओळखला असें त्यांच्या पुढील चित्रपटांवरून दिसत नाहीं.

१९३९ ची ‘ब्रँडीची बाटली’ आम्हांस अधिक गुणाची वाटते. दामुअण्णा मालवणकरांनीं उभा केलेला बगाराम हा साधाभोळा, लाजाळू जीव. आजारी माणसासाठीं ब्रँडी हवी म्हणून तो बाटलीच्या शोधांत निघतो, आणि ब्रँडी ही वस्तु काय हेंही त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतें. मुंबईंत १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी सुरू झाली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या वर्षीं ही बाटली किती नेमक्या वेळीं पडद्यावर आली, तें कळतें. येथें विनोद वाक्यांवर जितका अवलंबून आहे, तितकाच भलत्या ठिकाणीं सांपडलेल्या एका भल्या माणसाच्या स्थितीवरही आहे. माणूस हिंडतो, विचारतो, फसतो, पुन्हां हिंडतो. आणि कॅमेरा त्याच्या मागोमाग हिंडूं शकतो. रंगभूमीला हें साधणारें नव्हतें.

बगारामाचें यश आणखी एका दृष्टीनें महत्त्वाचें आहे. मुंबईचा मराठी प्रेक्षक तेव्हां एकजिनसी नव्हता. गिरगांवचा कारकून, दादरच्या नव्या वस्तींतलें शिकलेलें कुटुंब आणि परळ-लालबागचा गिरणी कामगार, हे तिघे एकाच तिकिटाच्या खिडकीशीं येत. पण तिघांची हंसण्याची जागा एक नव्हती. शब्दनिष्ठ विनोद पहिल्या दोघांपर्यंत सहज पोहोंचे. कोटीला संदर्भ लागतो, आणि संदर्भाला शाळा लागते. स्थितीचा विनोद तिघांनाही पुरतो. ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरांत गिरगांवच्या सेंट्रल चित्रगृहांत लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला, तो या तिघांना एकत्र बसविल्यामुळें. तेथें अभंग सर्वांचा होता. अत्रे यांना विनोदी चित्रपटांत असें सर्वांचें भांडवल शोधावयाचें होतें, आणि बगारामांत त्यांना तें कांहीं अंशीं सांपडलें.

दुर्दैवानें पुढला मार्ग सरळ गेला नाहीं. १९४० ची ‘अर्धांगी’ विनायकांनींच दिग्दर्शित केली. पण लवकरच अत्रे यांनीं स्वतःची निर्मितिसंस्था काढली, आणि १९४१ मध्यें ‘पायाची दासी’ व १९४२ मध्यें ‘वसंतसेना’ हे चित्रपट आले. लेखकानें निर्माता व्हावें, ही कल्पना त्या काळीं परक्या मुलखांतही नवी होती. १९४० मध्येंच हॉलिवूडला प्रेस्टन स्टर्जेस यांनीं आपली कथा नाममात्र किमतीला विकून तिच्या दिग्दर्शनाचा हक्क मिळविला होता. तेथें लेखक आपल्या शब्दांच्या रक्षणासाठीं झगडत होता. येथें अत्रे यांच्या शब्दांना कोणाचेंच भय नव्हतें. आणि आमच्या मतें नुकसान झालें तें यामुळेंच. विनायकांसारखा विनोदाची नाडी जाणणारा सहकारी दूर झाला, कीं लेखकाला अडविणारा कोणी उरत नाहीं. विचारांच्या बाजूनेंही हा मागें जाण्याचा काळ वाटतो. ज्या लेखणीनें ‘घराबाहेर’मध्यें छळ सोसणाऱ्या स्त्रीला उंबरठा ओलांडण्याचें धैर्य दिलें होतें, तीच पडद्यावर सासुरवासाच्या ठरीव करुणरसांत रमलेली पाहून खेद होतो. नाटकाचा प्रेक्षक थोडा असतो, त्याला अप्रिय सत्य ऐकवितां येतें. चित्रपटाला लाखो रुपये आणि लाखो माणसें लागतात, असा बचाव यावर करण्यांत येईल. तो खोटा नाहीं. पण अत्रे यांच्यासारख्या निर्भय माणसाकडून तो ऐकावयाची आपली तयारी नसते.

या पार्श्वभूमीवर १९५३ चा ‘श्यामची आई’ पाहिला म्हणजे आश्चर्य वाटतें. साने गुरुजींनीं हें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहिलें. त्यांत बेचाळीस रात्री आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमांतील सोबत्यांना रोज रात्रीं आईची एकेक आठवण सांगतो. पटकथेच्या दृष्टीनें याहून अवघड पुस्तक शोधूनही सांपडावयाचें नाहीं. त्यांत कट नाहीं, खलपुरुष नाहीं, रहस्य नाहीं. प्रत्येक रात्र स्वतंत्र आहे, आणि प्रत्येकीच्या शेवटीं बोध आहे. विनोदासाठीं प्रसिद्ध असलेल्या लेखकानें, गुरुजींच्या मृत्यूला तीन वर्षेंही झालीं नसतांना, अशा पुस्तकाला हात घालावा हें साहसच होतें.

अत्रे यांनीं काय केलें? त्यांनीं निवडलें. गरिबी आणि सावकाराचा तगादा हा सलग धागा धरून त्यांनीं त्यावर आठवणी ओवल्या, आणि आठवणींतूनही अशाच उचलल्या कीं, ज्यांत आई कांहीं करते. न्हाऊन उभ्या असलेल्या श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागूं नये म्हणून ती आपलें वस्त्र दगडावर पसरते, तो प्रसंग आठवावा. पायाला जसें जपतोस तसें मनालाही जप, असें ती म्हणते खरी. पण तें वाक्य येण्यापूर्वीं पसरलेलें वस्त्र आणि त्यावर टेकलेले लहान पाय प्रेक्षकानें पाहिलेले असतात. उपदेशाला येथें चित्राचा आधार मिळाला आहे. पंधरा वर्षांपूर्वीं ‘ब्रह्मचारी’त एका चित्रानें लेखकाचे शब्द पुसून टाकले होते, येथें लेखकानें आपण होऊन चित्राला पुढें केलें आणि शब्द त्याच्या मागें उभे केले. या चित्रपटांत द्रौपदीनें श्रीकृष्णाच्या बोटासाठीं आपलें भरजरी वस्त्र फाडल्याचें जें गीत आहे, तें अत्रे यांचें आहे. वसंत देसाई यांच्या चालीवर आशा भोसले यांनीं तें गाइलें. त्यांतही वस्त्र आहे, त्यांतही देणें आहे. कथेशीं इतकें एकजीव झालेलें दुसरें गीत त्यांच्या चित्रपटांतून आम्हांस आठवत नाहीं.

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. हा संयम गुरुजींच्या पुस्तकाचा, त्याचें श्रेय अत्रे यांना कां द्यावें? याचें उत्तर असें कीं, पुस्तकांत संयम नाहीं. गुरुजींचें पुस्तक भावनेनें ओसंडणारें आहे. त्यांत श्याम रडतो, सांगणारा रडतो आणि ऐकणारेही रडतात. वाचनांत तें खपतें, कारण वाचक रात्रीमागून रात्र आपल्या गतीनें घेतो. तेंच सारें एका बैठकींत पडद्यावर ओतलें असतें, तर प्रेक्षक अश्रूंनीं थकला असता. वनमाला यांची आई जितकी प्रेमळ तितकीच कठोरही आहे. माधव वझे यांचा श्याम गुणी असूनही खोडकर आहे. हें प्रमाण राखणें हें पटकथाकाराचें काम, आणि तें अत्रे यांनीं स्वतःच्या स्वभावाविरुद्ध जाऊन केलें. चित्रपटांत बोध अधिक आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. उत्तरार्धांत कांहीं ठिकाणीं आई जगण्याऐवजीं शिकवूं लागते. पण असे प्रसंग थोडे.

ज्या तीन प्रेक्षकांचा आम्हीं वर उल्लेख केला, ते येथें पुन्हां एकत्र आलेले दिसतात. श्यामचें गांव कोंकणांतलें, दापोलीकडचें. लालबाग-परळच्या गिरण्यांत राबणारे किती तरी हात त्याच रत्नागिरी जिल्ह्यांतून आलेले होते, आणि त्यांच्या आया मनिऑर्डरीची वाट पाहत गांवींच राहिल्या होत्या. दादरच्या कुटुंबानें या चित्रपटांत संस्कार पाहिले असतील. कामगारानें आपलें कर्जांत बुडालेलें घर पाहिलें असेल. दोघांनाही पुरेल अशी आई उभी करणें हें बगारामाला न साधलेलें काम होतें. १९५४ च्या ऑक्टोबरांत पहिल्या राष्ट्रीय पारितोषिकांचें वितरण झालें, आणि सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचें राष्ट्रपति-सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालें, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे.

लगेच १९५४ मध्यें ‘महात्मा फुले’ आला. जानेवारींत त्याच्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. गाडगे महाराजांचें दर्शन चित्रपटांतच घडतें. बाबुराव पेंढारकरांनीं जोतीरावांची भूमिका केली. मराठी चित्रपटांसाठींचें रौप्यपदक त्याला मिळालें. त्या काळीं फुले यांचें चरित्र पडद्यावर आणणें हेंच एक मोठें सामाजिक कार्य होतें, आणि त्याबद्दल महाराष्ट्रानें अत्रे यांचें ऋणी राहिलें पाहिजे. परंतु पटकथा म्हणून पाहतां या चित्रपटांत वक्ता परत आला आहे. जोतीराव बोलतात तेव्हां पुष्कळदां आपल्याला व्यासपीठाची चाहूल लागते. विषयच वादाचा, तेव्हां वादविवाद अटळ, हें खरें. तरी आदल्या वर्षीं जें एका पसरलेल्या वस्त्रानें साधलें, तें येथें भाषणांकडून अपेक्षिलें आहे.

यानंतर अत्रे यांची वाणी चित्रगृहांत मावणें शक्यच नव्हतें. संयुक्त महाराष्ट्राचें आंदोलन पेटलें. १५ नोव्हेंबर १९५६ रोजीं दैनिक ‘मराठा’ निघाला. शिवाजी पार्कच्या सभांतून त्यांना असा प्रेक्षक मिळाला कीं, जो हंशासाठीं थांबूं देत होता आणि टाळीनें उत्तर देत होता. बेन हेक्ट वृत्तपत्रांतून चित्रपटाकडे गेले. अत्रे चित्रपटांतून वृत्तपत्राकडे वळले. महाराष्ट्राच्या दृष्टीनें हा सौदा तोट्याचा झाला, असें कोण म्हणेल? १ मे १९६० चा दिवस उजाडण्यांत त्या वाणीचा वाटा मोठा आहे. मराठी पटकथेचा मात्र तोटा झाला. ज्या वेळीं तिच्या लेखकाला शब्द केव्हां द्यावा आणि केव्हां आवरावा हें उमगलें, त्याच वेळीं त्याला अधिक निकडीचें बोलावणें आलें.

नाटकाची प्रत वाचनालयांत मिळते. ती वाचून तरुण लेखक नाटक शिकतो. पटकथेची प्रत सहसा कोणी छापीत नाहीं, आणि चित्राची फीत जीर्ण झाली कीं लेखकाचें कामही तिच्याबरोबर जातें. पुण्यास १९६४ मध्यें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, त्यापूर्वींच आमच्या मूकपटांपैकीं बहुतेक नाहींसे झाले होते. मोहनलाल दवे यांच्यासारख्यांचें लेखन आज तपासूं म्हटलें तरी कशावरून तपासावें? अत्रे यांच्याबाबत अशी वेळ अद्याप आलेली नाहीं. महाविद्यालयांतून ‘लग्नाची बेडी’ जशी अभ्यासिली जाते, तशीच ‘श्यामची आई’ची पटकथा मूळ पुस्तकाशेजारीं ठेवून, रात्रीमागून रात्र ताडून पाहिली जावी, अशी आमची सूचना आहे. बेचाळीसांपैकीं कोणत्या रात्री घेतल्या आणि कोणत्या सोडल्या, एवढेंच विद्यार्थ्यांनीं शोधून काढलें, तरी लेखन म्हणजे काय याचा एक चांगला धडा त्यांना मिळेल.